रेघ कोण ओढतं?

नाशिकमध्ये चित्र काढायचं म्हणजे घाटावर जायचं. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, पायऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, पंचवटीतल्या वाड्यांच्या काळ्या पडलेल्या तुळया. शिवाजी तुपे यांनी जलरंगांत गोदाकाठ इतक्या ताकदीनं उभा केला की त्यांच्यामागून आलेल्या अनेकांना नदी त्यांच्याच डोळ्यांनी दिसत राहिली. अजूनही सुटीच्या सकाळी कला महाविद्यालयातली मुलं मांडीवर बोर्ड घेऊन बसतात आणि उन्हं चढायच्या आत सावल्या पकडायची घाई करतात. या परंपरेबद्दल मला आदर आहे आणि थोडी तक्रारही आहे. समोर जे दिसतं ते जितकं हुबेहूब, जितकं देखणं उतरेल तितकं चित्र चांगलं, ही समजूत तिनं या शहराच्या मनात फारच पक्की बसवून ठेवली आहे.

ही समजूत न मानणारी रेखाटनाची एक वाट गेली साठेक वर्षं जगात चालू आहे, आणि महाराष्ट्रातही त्या वाटेनं जाणारे लोक आहेत. त्यांच्या लेखी रेखाटन ही आधी कृती असते, चित्र नंतर. रेघ कुठून निघाली, कशानं ओढली, कुणाच्या जमिनीवरून गेली आणि शेवटी कुणी पुसली, हे प्रश्न ते रेघेच्या सौंदर्याच्या बरोबरीनं विचारतात. प्रभाकर पाचपुते हे त्यांतलं एक नाव. पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातले. डिसेंबर २०१८ मध्ये कोची-मुझिरिस बिएनालेत त्यांनी एक मोठं काम केलं. त्याच्या मागे त्या वर्षीचे महाराष्ट्रातले शेतकऱ्यांचे मोर्चे होते, आणि त्यांतला सर्वांत मोठा निघाला होता नाशिकच्या सीबीएस चौकातून. शहराला या नात्याची फारशी खबर नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

*

आधी थोडं लांबून यावं लागेल. ऑक्टोबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कला पॉला कूपर यांची गॅलरी सुरू झाली. पहिलंच प्रदर्शन व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या समितीला मदत म्हणून भरवलेलं. त्यात सॉल लेविट यांनी कागद नाही, कॅनव्हास नाही, सरळ गॅलरीच्या भिंतीवर पेन्सिलीनं बारीक समांतर रेघा ओढल्या. प्रदर्शन उठलं तसा भिंतीवर रंग फिरला आणि चित्र गेलं. आदल्याच वर्षी एका लेखात लेविट यांनी आपलं म्हणणं मांडलं होतं: कलाकृतीत महत्त्वाची असते ती कल्पना. सगळे निर्णय आधीच झालेले असतात, हातानं करणं हा नंतरचा उपचार. पुढे तर ते फक्त सूचना लिहून देऊ लागले. रेघा किती, कशा, कुठून कुठे, एवढं कागदावर. काढणारे हात दुसऱ्यांचे. विकत घेणाऱ्याला मिळे तो सूचनांचा कागद आणि प्रमाणपत्र. लेविट २००७ साली वारले. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्यांची १०५ भित्तिचित्रं मदतनिसांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून काढली. ती २०४३ पर्यंत ठेवायची असं ठरलेलं आहे.

दिवाळी अंक हातात घेऊन बसलेल्या मराठी वाचकानं हे ऐकून दचकायचं कारण नाही. दारातली ठिपक्यांची रांगोळी याच नियमावर चालते. ‘पंधरा ते आठ’ एवढं आत्या फोनवर सांगते, आणि सोलापुरातली रांगोळी सिडकोतल्या दारात उमटते. ती आत्याची की भाचीची, असा वाद कुणी घालत नाही, आणि दुसऱ्या दिवशी केरसुणीखाली ती गेली म्हणून हळहळतही नाही. कल्पना टिकते, रेघ जाते. फरक म्हणाल तर लेविट यांच्या कागदाला लिलावात बोली लागते, आत्याच्या वहीला लागत नाही. हा फरक कलेनं घडवलेला नाही, बाजारानं घडवलेला आहे.

महाराष्ट्राच्या मातीत याच काळात एक वेगळं काम चाललं होतं. नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७ सालचा, कराचीचा. मुंबईत वाढल्या, बडोद्याला शिकवायच्या, आणि अलिबागजवळच्या किहीमशी त्यांचा शेवटपर्यंत संबंध राहिला. तिथेच १९९० साली त्या गेल्या. शाई, पेन्सिल आणि वास्तुविशारदांची ड्रॉइंगची साधनं घेऊन त्या कागदावर नुसत्या रेघा ओढत. माणूस नाही, झाड नाही, बहुतेक कागदांना नाव नाही, तारीख नाही. शेवटच्या वर्षांत आजारानं हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता, तरी त्या रेघा थरथरत नाहीत. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं आपली नवी शाखा उघडली ती ज्या प्रदर्शनांनी, त्यांत एक नसरीन यांचं होतं. आपल्याकडे अलिबागला जाणाऱ्या शंभर पर्यटकांतल्या किती जणांना हे नाव माहीत असेल, हा प्रश्न मी विचारत नाही. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ निदान मराठीत आहे, आणि चित्र काढण्याआधी चित्रकाराच्या डोक्यात काय चालतं हे त्यातून मराठीत वाचता येतं. नसरीन यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

*

आता पाचपुते यांचं गाव, सास्ती. चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका, वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपूर. इथे जमिनीखाली कोळसा आहे, त्यामुळे जमिनीवर काय आहे याला फारशी किंमत नाही. उघड्या खाणी आहेत. वरची माती खरवडून बाजूला टाकायची, तिचे डोंगर होतात, आणि खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारा खड्डा होतो. इथे १९८६ साली पाचपुते यांचा जन्म झाला. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणीत राबल्या. ज्याच्या घरातलं माणूस पाळीवरून काळं होऊन घरी येतं, त्याला कोळसा हे चित्रकलेचं साहित्य आहे हे कळायच्या कितीतरी आधी कोळसा म्हणजे काय ते कळलेलं असतं.

ते शिकले शिल्पकला. आधी खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात, मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. म्हणजे ज्यांचं नाव आज रेखाटनासाठी घेतलं जातं ते मुळात शिल्पकार, आणि ते त्यांच्या रेघेत दिसतंही. त्यांच्या आकृत्यांना वजन असतं. भिंतीवरचा माणूस भिंतीला टेकून उभा आहे असं वाटतं. काही वेळा तो भिंतीवरून सुटून प्लायवूडच्या कापलेल्या आकारात जमिनीवर येऊनही उभा राहतो.

२०१२ साली मुंबईत कुलाब्याच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन झालं. त्याच्या नावात खाणीतली कॅनरी होती. कॅनरी हा पिवळा इवलासा पक्षी. ब्रिटनमधले खाणकामगार त्याला पिंजऱ्यातून खाली नेत. कार्बन मोनॉक्साइड वाढला की माणसाच्या आधी पाखरू कोसळे, आणि माणसांना बाहेर पडायला अवधी मिळे. विजेची उपकरणं आणून ही पाखरं खाणीतून काढण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारनं जाहीर केला तो १९८६ साली. पाचपुते यांच्या जन्माचं तेच वर्ष. हा निव्वळ योगायोग आहे, पण लिहून ठेवावा असा आहे.

त्या प्रदर्शनापासून त्यांची चित्रभाषा ठरत गेली. माणसाचं धड, आणि डोक्याच्या जागी दिवा, यंत्राचा तुकडा, नाहीतर मातीचा ढिगारा. पाय माणसाचे आणि पाठ जनावराची. अवजार कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो ते कळू नये असा सांधा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात कल्पनेचा खेळ दिसतो, पण सास्तीसारख्या गावात हे जवळजवळ वास्तव आहे. शेत गेलं की शेतकऱ्याच्या हाताची ओळख जाते. नोकरी मिळाली तर तो पाळीचा नंबर होतो, नाही मिळाली तर तोही नाही. ज्याचं डोकं कुणी विचारात घेत नाही, त्याच्या धडावर डोकं कशाला काढायचं? घाटावर बसून निसर्गचित्र काढणारा जितका प्रामाणिक असतो तितकाच हा चित्रकार प्रामाणिक आहे. त्याच्यासमोरचा निसर्गच तसा आहे.

ही रेखाटनं ते कोळशानं थेट भिंतीवर करतात. खोलीच्या उंचीची, कधी दोन-तीन भिंती व्यापणारी. प्रदर्शन संपलं की पुष्कळदा भिंत पुन्हा पांढरी होते. लेविट यांचं चित्र जायचं तेव्हा मागे सूचनांचा कागद उरायचा, कुणीही ते पुन्हा काढावं. पाचपुते यांच्या बाबतीत तसं होत नाही, कारण ती रेघ त्यांच्याच मनगटातून येते. मग ती पुसू देण्यात काय मतलब? मला दिसतो तो असा: ज्या गावांवर हे काम आहे ती गावंही पुसली जात आहेत. चित्र कायमचं राहिलं असतं तर ते विषयाशी खोटं वागलं असतं.

*

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात पुष्कळांचा घोटाळा होतो. चित्रकाराचा कोळसा आणि खाणीतला कोळसा वेगळे. खाणीतला दगडी कोळसा कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या झाडांचा. चित्रकार वापरतो तो चारकोल म्हणजे लाकडी कोळसा. बारीक काड्या पत्र्याच्या डब्यात दाटीनं भरायच्या, झाकणाला बारीक भोक ठेवायचं आणि डबा विस्तवात ठेवायचा. आत हवा कमी, म्हणून काडी पेटून राख होत नाही. तिच्यातलं पाणी आणि वायू निघून जातात आणि काळी, हलकी, कटकन मोडणारी कांडी उरते. युरोपात यासाठी विलोच्या काड्या वापरतात, आणि द्राक्षवेलीच्याही. वेलीचा चारकोल मऊ असतो, थोडा करडा दिसतो आणि बोटानंही पुसला जातो. चिकटवण घालून दाबून केलेल्या कांड्या जास्त काळ्या असतात, पण त्या सहजी पुसल्या जात नाहीत.

द्राक्षवेल म्हटल्यावर नाशिककराचे कान टवकारायला हवेत. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी इकडे वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. हा अंक वाचकाच्या हातात पडेल तेव्हा पुष्कळ बागांत गोडी छाटणीच्या काड्या बांधावर पडलेल्या असतील. देशात द्राक्षांसाठी जिल्ह्याचं नाव घेतलं जातं, आणि चित्रकलेच्या दुकानात मात्र परदेशी चारकोलची डबी भरपूर दाम मोजून घेतली जाते. बांधावरची काडी उचलून डब्यात भरायला कुठल्या अनुदानाची गरज नाही.

चारकोलचा खरा गुण त्याच्या पुसलं जाण्यात आहे, आणि प्रयोगशील चित्रकारांनी नेमका तोच उचलला. अमेरिकेत रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९५३ साली विलेम द कूनिंग यांच्याकडून त्यांचं एक रेखाटन मागून घेतलं आणि चिकाटीनं खोडून काढलं. उरलेला जवळजवळ कोरा कागद हीच त्यांची कलाकृती. हा प्रकार मला बुद्धीला पटतो, मनाला भिडत नाही. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज यांचं पुसणं मात्र भिडतं. ते एकाच कागदावर चारकोलनं चित्र काढतात, कॅमेऱ्यानं एक-दोन चौकटी टिपतात, मग थोडं पुसून थोडं बदलतात आणि पुन्हा टिपतात. अशा शेकडो फेऱ्यांतून फिल्म तयार होते. पुसलेल्या रेघेचा डाग कागदावर राहतो, त्यामुळे हललेल्या माणसामागे त्याची आधीची जागा धुरकट दिसत राहते. १९९१ सालच्या त्यांच्या ‘माइन’ या छोट्या फिल्ममध्ये एक खाणमालक पलंगावर बसून न्याहारी करतो आहे. कॉफीच्या भांड्याचा दट्ट्या तो खाली दाबतो, आणि दट्ट्या भांड्याचा तळ फोडून, पलंग फोडून, जमिनीत उतरत थेट खाणीत कामगारांच्या झोपायच्या फळ्यांपर्यंत पोचतो. एका कप कॉफीपासून खाणीच्या तळापर्यंत एकच उभी रेघ. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

पाचपुते यांनीही पुसत-काढत जाणारी ॲनिमेशन केली आहेत. दोघांच्या कामात खाण आहे, चारकोल आहे, पुसणं आहे. पण केंट्रिज खाणीकडे मालकाच्या खोलीतून खाली पाहतात, आपल्या वर्गाच्या अपराधासकट. पाचपुते खड्ड्यातून वर पाहतात. दोन्ही नजरा खऱ्या, आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही.

*

६ मार्च २०१८ ला दुपारी सीबीएस चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा निघाला. सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी, त्र्यंबक या तालुक्यांतले आदिवासी शेतकरी त्यात मोठ्या संख्येनं होते. डोक्यावर लाल टोप्या, हातात लाल झेंडे, काखोटीला भाकरीचं गाठोडं. मुंबई-आग्रा महामार्गानं विल्होळी, घोटी, इगतपुरी, मग कसारा घाट, शहापूर, भिवंडी, ठाणे. सुमारे १८० किलोमीटर. मुंबईत शिरेपर्यंत संख्या ४०-५० हजारांवर गेली होती. ११ मार्चला शीवच्या सोमय्या मैदानावर मुक्काम होता, पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. सकाळी मोर्चा निघाला तर पोरांना परीक्षेला पोचायला उशीर होईल म्हणून ही माणसं आठवडाभराच्या चालीनंतर रात्रीच उठली आणि अंधारात आझाद मैदानापर्यंत चालत गेली. मुंबईनं त्यांच्या मागण्या कितपत ऐकल्या ते सांगता येत नाही, पण ही गोष्ट शहराला लागली. लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले.

त्या आठवड्यातली दोन प्रकारची छायाचित्रं सगळ्यांच्या लक्षात आहेत. एक, फोडांनी सोललेले तळपाय. दोन, उंचावरून टिपलेला घाटरस्ता आणि त्यावरून वळत गेलेली लाल रेघ. दुसऱ्या छायाचित्राकडे पाहताना चित्रकलेच्या माणसाला ब्रिटनच्या रिचर्ड लाँग यांची आठवण होणं साहजिक होतं. १९६७ साली, विद्यार्थी असताना, लाँग एका कुरणात एकाच सरळ रेषेत मागे-पुढे चालत राहिले. गवत दबून पायवाटेची रेघ उमटली, तिचा फोटो काढला आणि परतले. चालणं हेच रेखाटन, हा विचार तिथून कलेत आला. पुढे २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात लाँग आणि आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं जोडप्रदर्शन झालं. त्या निमित्तानं लाँग वारली मुलखात येऊन काम करून गेले. डहाणूच्या कलंबीपाड्याचे मशे आणि ब्रिस्टलचे लाँग. दोघांनाही रेघ म्हणजे जमिनीवरून जाणारी गोष्ट वाटायची, तेव्हा ही जोडी जमली त्यात नवल नाही. वारल्यांच्या लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला जातो तोही विधीपुरता. तो टिकवायचा म्हणून कुणी काच लावत नाही. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मोर्चाला दोन महिने होतात न होतात तोच, मे २०१८ मध्ये, ते गेले.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणं मला गरजेचं वाटतं. कसारा घाटातली ती लाल रेघ कलाकृती नव्हती. लाँग यांना चालायचं होतं म्हणून ते चालले. सुरगाण्याच्या बाईला सातबाऱ्यावर नाव हवं होतं म्हणून ती चालली. तिच्या तळपायांना ‘परफॉर्मन्स’ म्हणणारा समीक्षक मला भेटला तर मी त्याला विल्होळीपर्यंत अनवाणी चालवीन. वरून पाहणाऱ्याला रेघ दिसते, आतून चालणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते. संकल्पनात्मक कलेत वरून पाहण्याचा हा रोग आहे, आणि तो कौतुकाच्या भरात लपवू नये.

म्हणूनच त्याच वर्षाच्या अखेरीस कोचीला पाचपुते यांनी जे केलं ते मला मोलाचं वाटतं. अनिता दुबे यांनी मांडणी केलेल्या त्या बिएनालेत त्यांच्या कामाचं नाव होतं ‘रेझिलियंट बॉडीज इन द एरा ऑफ रेझिस्टन्स’. प्रतिकाराच्या काळातली चिवट शरीरं, असं म्हणू. शेतकऱ्यांचं आंदोलन त्यांनी मांडलं ते वरून टिपलेल्या छायाचित्रासारखं नाही. पाहणाऱ्याच्या उंचीला, त्याच्या अंगावर येणाऱ्या शरीरांतून मांडलं. झेंड्यांचा समुद्र, मुठी, घोषणा, आंदोलनाच्या चित्रांचा जो नेहमीचा साचा असतो तो इथे चालला नसता, कारण त्यात चेहरे सगळे सारखे आणि शूर असतात. पाचपुते यांची शरीरं शूर दिसत नाहीत. वाकलेली, जोडलेली, अर्धी अवजार झालेली असतात, आणि तरीही पुढे सरकत असतात. ज्याच्या स्वतःच्या गावानं जमीन गमावली आहे त्यालाच हे काढता येतं असं मी म्हणणार नाही. पण त्याला ते उसनं आणावं लागत नाही, एवढं खरं.

पुढे वेल्समध्ये ‘आर्टेस मुंडी’ या पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांनी तिथल्या खाणकामगारांच्या चळवळीचे जुने फलक अभ्यासले आणि चंद्रपूरची शरीरं वेल्सच्या इतिहासाशेजारी नेऊन उभी केली. २०२१ साली परीक्षकांनी तो पुरस्कार निवडलेल्या सहाही कलावंतांना मिळून दिला. एकूण ६० हजार पौंड, प्रत्येकी १० हजार. कोळशाच्या प्रदूषणामुळे चंद्रपूर बातम्यांत येतं, ही बातमी मात्र मराठी वर्तमानपत्रांत शोधावी लागली.

*

मोर्चातल्या माणसांच्या मागण्यांत कर्जमाफी होती, हमीभाव होता, नार-पार आणि दमणगंगा या नद्यांचं पाणी गुजरातेत नेऊ नये हे होतं. पण सुरगाणा-पेठकडच्यांची मुख्य मागणी वनजमिनीची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो वनजमीन कसतो आहे त्या आदिवासीला ती जमीन नावावर मिळायला हवी. आणि ही मिळवायची कशी? दावा करायचा, पुरावे जोडायचे, गावातल्या जाणत्यांचे जबाब घ्यायचे आणि नकाशा करायचा. गावाच्या वनहक्क समितीनं हद्दी पाहून कागदावर रेघा ओढायच्या. इथे ओहोळ, इथे बांध, इथे मोहाचं झाड, इथून पुढे शेजाऱ्याचं. पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली असलेली जमीन पहिल्यांदाच कागदावर काढायची. चार एकर कसणाऱ्याच्या हातात काही गुंठ्यांचा दाखला पडतो, ही मोर्चात जागोजागी ऐकू येणारी तक्रार होती. कुणाची रेघ खरी धरायची, गावाची की खात्याची, हे भांडण आहे.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २००७-०८ च्या सुमारास एक काम केलं. शंभर माणसांना भारताचा नकाशा आठवून, हातानं काढायला सांगितला. कुणाचा काश्मीर फुगला, कुणाचा ईशान्य भाग गळाला, कुणाला श्रीलंका आठवली. शंभर नकाशे, एकही दुसऱ्यासारखा नाही. छापील नकाशात जी हद्द दगडावरच्या रेघेसारखी वाटते ती माणसाच्या मनात किती हलती असते, ते एका नजरेत कळतं. वनहक्काच्या फायलीतले नकाशे मला याच कामाचे थोरले भाऊ वाटतात. फरक इतकाच की इथे रेघ चुकली तर भात जातो.

या दोन्हींत जे आठवणीतून काढणं आहे ते प्रत्येक मराठी पोराला ठाऊक आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. भाजीबाजार, बसथांबा, जत्रा. समोर काही ठेवलेलं नसतं, डोक्यात जे उरलं असेल ते काढायचं. पण शिकवणीत काय होतं? बसथांब्याचं एक ठरलेलं चित्र घोटून घेतात. एक बाई, तिच्या कडेवर मूल, एक छत्रीवाला, मागे झाड. नाशिकचं पोर, रोज सीबीएसच्या गर्दीतून शाळेत जाणारं, तेही हेच चित्र काढतं आणि ‘अ’ श्रेणी घेतं. स्मरणाच्या पेपरात स्मरण सोडून सगळं तपासलं जातं. पाचपुते यांच्या भिंती, गुप्ता यांचे नकाशे, केंट्रिज यांचे डाग ही सगळी स्मरणचित्रंच आहेत, घोटून न घेतलेली. प्रयोगशील रेखाटन म्हणून ज्याचा बाऊ केला जातो त्याचं दार आपल्या शाळांत आधीपासून आहे. त्याला कुलूप आपणच घातलं.

याच शहरात नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवरची ती गुंतागुंतीची, केसाएवढी बारीक वळणं हेही रेखाटनच, बहुधा देशात सर्वाधिक हातांतून फिरलेलं. त्या रेघेची नक्कल केली तर तुरुंग. आदिवासीच्या नकाशातली रेघ मात्र कार्यालयातल्या कुणाच्याही पेनानं हलते.

*

२०१९ आणि २०२३ साली याच जिल्ह्यातून पुन्हा मोर्चे निघाले, कारण आधीची आश्वासनं पुरती पाळली गेली नव्हती. पण ज्या चौकातून पहिला निघाला तिथे आज त्याची काहीही खूण नाही. पुतळा उभारा असं माझं म्हणणं नाही. पुतळे पुष्कळ झाले.

२०२७ साली सिंहस्थ आहे. दरवेळी कुंभमेळ्याच्या आधी शहर रंगतं. उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणं, घाटाच्या भिंती यांवर समुद्रमंथन, साधू आणि कलश येतात. येऊ देत. महापालिकेला, आणि तितकीच शहरातल्या कला महाविद्यालयांना, विनंती एवढीच की सीबीएसच्या आसपासची एक लांब भिंत त्यातून वगळावी. तिच्यावर ऑइलपेंट नको, प्रायोजकाची पाटी नको. दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरगाणा, पेठ, कळवणच्या आश्रमशाळांतली मुलं आणि शहरातले कलाविद्यार्थी यांनी मिळून त्या भिंतीवर चारकोलनं काढावं, घोटून न घेतलेलं, जे आठवतं ते. जमलं तर पाचपुत्यांना एकदा बोलवावं. ते या राज्यातलेच आहेत, वेल्सपेक्षा नाशिक त्यांना जवळ आहे. पावसाळ्याआधी भिंतीला चुना मारावा आणि पुढच्या मार्चला पुन्हा कोरी द्यावी.

खर्च म्हणाल तर चुन्याचा. काड्या निफाडच्या बांधावर पडलेल्या आहेत.